खनिज वाघिणी, ब्रिटिश

कोळसा, लोहधातुक, चुनखडक, चिनी माती यांसारखे खनिज पदार्थ वाहून नेण्यासाठी ग्रेट ब्रिटनमधील रेल्वेमार्गांवर वापरण्यात येणाऱ्या, बहुधा चार चाकांच्या व वरून उघड्या मालडब्यांना खनिज वाघिणी म्हणतात. ‘वाघीण’ हा मराठी शब्द ‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाचेच लोकांच्या तोंडी झालेले रूपांतर होय. ब्रिटनमधील मालवाहतुकीत कोळशाचा वाटा सर्वांत मोठा असल्याने खनिज वाघीण म्हणजे व्यवहारात कोळशाची वाघीण असेच समीकरण तेथे रूढ झाले. अशा लाखो वाघिणी दीड शतकाच्या काळात बांधल्या गेल्या. परंतु त्यांपैकी फारच थोड्या आज शिल्लक आहेत. त्यांविषयीची माहिती एकत्र आणण्याचे काम मुख्यत्वे लघुप्रमाण प्रतिकृती तयार करणाऱ्या हौशी मंडळींनी केले. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकांनाही या माहितीचा उपयोग झाल्याने हा छंद केवळ करमणुकीपुरता मर्यादित राहिलेला नाही.

इतिहास : ईशान्य इंग्लंडमध्ये वाफेच्या एंजिनापूर्वीपासून खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत लाकडी मार्गावरून घोड्यांनी ओढलेल्या गाड्या चालत. कोळसा मोजण्याच्या ‘चॉल्ड्रन’ या मापावरून त्यांना चॉल्ड्रन वाघिणी असे नाव पडले. न्यूकॅसल येथील हे माप ५३ हंड्रेडवेट (सु. २,६९० किग्रॅ.) इतके होते व एका वाघिणीत तेवढाच कोळसा मावे. वाघिणीचा आकार नरसाळ्यासारखा, वर रुंद व खाली निमुळता असे; तळाचे दार उघडताच कोळसा आपोआप खाली पडे. १८२५ साली सुरू झालेल्या स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेवर याच जातीच्या वाघिणी होत्या. डरॅम परगण्यातील सीअम बंदरात त्या विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही वापरात होत्या.

इतर भागांत मात्र निराळी पद्धती वाढली. रेल्वे कंपन्यांनी मार्ग बांधला व एंजिने पुरविली, पण कोळशासाठी लागणाऱ्या वाघिणी पुष्कळ अंशी खाणमालक, ठोक व्यापारी, वखारवाले, गॅस कारखाने व पोलाद कारखाने यांनी स्वतः बाळगल्या. त्यांना ‘खाजगी मालकीच्या वाघिणी’ म्हणत. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेसारख्या एखाद्या कंपनीने खनिज वाहतुकीच्या वाघिणी बहुतांशी आपल्याच मालकीच्या ठेवल्या; तिच्या हद्दीत नरसाळ्याच्या आकाराची परंपरा टिकून राहिली व पुढे तिला २० टनी हॉपर वाघिणींचे मोठे रूप मिळाले (१ ब्रिटिश टन = १,०१६ किग्रॅ.). साऱ्या देशात असे घडले असते, तर पुढील शंभर वर्षांतील पुष्कळ वाद उद्‌भवलेच नसते.

खाजगी वाघिणींची बांधणी आरंभी ज्याच्या त्याच्या मर्जीनुसार होई. चौकटीच्या लाकडी तुळया टोकापलीकडे वाढवून त्यांचाच बफर म्हणून उपयोग करीत. अशा ठोकळा-बफरांमुळे वाघिणी एकमेकींवर आदळत व चौकटी खिळखिळ्या होत. निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांमधील हिशेबांची तडजोड करण्यासाठी १८४२ मध्ये स्थापन झालेल्या ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ या संस्थेने १८८७ साली ८ व १० टनी खाजगी वाघिणींसाठी प्रमाणित विनिर्देश जारी केले. त्यानंतर प्रत्येक नव्या वाघिणीची एखाद्या रेल्वे कंपनीकडून तपासणी व नोंदणी करवून घ्यावी लागे आणि नोंदणीची लोखंडी पट्टी बाजूच्या तुळईवर ठोकलेली असे. ठोकळा-बफरांच्या वाघिणी मुख्य मार्गांवरून पूर्णपणे हटण्यास मात्र पहिल्या महायुद्धाचा काळ उजाडावा लागला. १९२३ च्या सुधारित विनिर्देशानुसार बांधलेली १२ टनी लाकडी वाघीण ही या वर्गाची सर्वपरिचित प्रतिनिधी होय.

ब्रिटनमधील कोळशाचे उत्पादन १९१३ मध्ये सु. २८·७ कोटी टन या उच्चांकास पोहोचले. एकट्या बॅरी बंदरातून त्या वर्षी १ कोटी टनांहून अधिक कोळसा जहाजांवर चढला. वेल्समधील हा बाष्पित्रांचा कोळसा एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातही येत असे. खाणीपासून जहाजापर्यंतचा त्याचा प्रवास अशाच लहान लाकडी वाघिणींतून होई. [⟶ कोळसा].

रचना : १९२३ च्या प्रमाणित वाघिणीची लांबी टोकाच्या तुळयांवर मोजल्यास १६ फूट ६ इंच (५·०३ मी.), रुंदी ८ फूट (२·४४ मी.), दोन आसांमधील अंतर ९ फूट (२·७४ मी.) व चाकांचा व्यास ३ फूट १ इंच (९४ सेंमी.) असे. बाजूच्या भिंती आडव्या फळ्यांच्या असून फळ्यांच्या संख्येवरून वाघीण ओळखली जाई. ५ फळ्यांची लहान, ७ किंवा ८ फळ्यांची मोठी. कोक कोळशापेक्षा हलका असल्याने त्याच वजनासाठी अधिक जागा लागे. म्हणून कोकच्या वाघिणींना फळ्यांच्या वर आणखी दांड्यांचा कठडा जोडीत. आसपेट्यांत पूर्वी ग्रीज भरीत, पुढे तेल-वंगणाच्या पेट्या आल्या. ग्रीज थंडीत घट्ट होऊन गाडी जड चाले आणि उन्हाळ्यात पेट्या तापत.

दारांची रचना ही या वाघिणींच्या अभ्यासातील कळीची बाब होय, कारण माल कोठे व कसा उतरवायचा यावर ती अवलंबून असे. बाजूचे दार फावड्याने माल काढणाऱ्या वखारवाल्यासाठी असे. टोकाचे दार बंदरातील उलटविण्याच्या यंत्रासाठी असे. तेथे संपूर्ण वाघीण एका टोकावर तिरपी करून कोळसा नळीवाटे जहाजाच्या पोटात सोडीत. तळाची दारे उंच चौथऱ्यावरून खाली माल टाकण्यासाठी असत. टोकास दार असलेली बाजू यार्डातील माणसास दुरून कळावी म्हणून वाघिणीवर तिरपा पांढरा पट्टा रंगवीत. प्रतिकृतीत हा पट्टा उलट्या बाजूस काढण्याची चूक वारंवार आढळते.

या वाघिणींना गाडीच्या एंजिनातून चालणारे ब्रेक नसत. प्रत्येक वाघिणीस बाजूला एक लांब दांडा असे व तो हाताने दाबून खुंटीत अडकवावा लागे. वाघिणी एकमेकींना तीन कड्यांच्या सैल साखळ्यांनी जोडीत. मोठ्या उतारापूर्वी गाडी थांबवून काही वाघिणींचे दांडे दाबीत व उतार संपल्यावर पुन्हा थांबून ते सोडवीत. गाडी थांबविण्याची भिस्त एंजिन व शेवटचा गार्डचा डबा यांवरच असे. साहजिकच वेग कमी राही आणि कोळशाच्या गाड्या जागोजागी बाजूच्या मार्गावर घेऊन उतारूगाड्यांना वाट द्यावी लागे.

लहान वाघिणींचा वाद : अमेरिकेत बोगीवरील मोठ्या वाघिणी रूढ झाल्या असता ब्रिटन १० ते १२ टनी वाघिणींना का चिकटून राहिला, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांमध्ये गाजला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १९१५ साली जर्मनीच्या औद्योगिक प्रगतीवरील आपल्या ग्रंथात या चिमुकल्या वाघिणींचे उदाहरण दिले. औद्योगिकीकरणात जो देश पहिला पाऊल टाकतो, त्याचे मार्ग, यार्डे, फलाट, उलटविण्याची यंत्रे हे सारे जुन्या मापाचे होऊन बसते. त्यांतील एकच घटक बदलणे परवडत नाही व सर्व एकदम बदलणे शक्य होत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. चार्ल्स किंडलबर्गर यांनी १९६० नंतरच्या दशकात याला वेगळी दिशा दिली. त्यांच्या मते अडचण यंत्रांची नसून मालकीच्या विभागणीची होती : मोठ्या वाघिणी घेण्याचा खर्च खाणमालकांनी करावयाचा आणि वाहतुकीतील बचत मात्र रेल्वे कंपनीच्या पदरात पडावयाची.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक सर फीलिक्स पोल यांनी १९२० नंतरच्या दशकात याच मर्मावर बोट ठेवले. दक्षिण वेल्समध्ये २० टनी पोलादी वाघिणी वापरणाऱ्या खाणींना त्यांनी वाहतुकीच्या दरात ५ टक्के सूट देऊ केली आणि १९२४ पासून अशा वाघिणी धावू लागल्या. तथापि खाणींवरील चाळण्यांखालची जागा, वळणे व बंदरातील यंत्रे लहान वाघिणींच्या मापाची असल्याने प्रसार मर्यादितच राहिला. सॅम्युएल आयोगाने १९२६ साली मोठ्या वाघिणींची शिफारस केली, तिचाही फारसा परिणाम झाला नाही.

दुसरी बाजूही दुर्लक्षणीय नाही. घरगुती कोळसा विकणाऱ्या वखारवाल्याच्या दृष्टीने १० टन हे सोयीचे माप होते. वाघीण स्टेशनच्या साइडिंगवर उभी करून तीतूनच पोती भरून तो गावात विकी. वाघीण हेच त्याचे काही दिवसांचे गोदाम असे. व्हॅनी व्हॅन व्ह्लेक यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात याच मुद्द्यावर भर दिला : रस्त्यावरून घरोघरी कोळसा पोहोचविण्याचा खर्च हिशेबात धरला, तर लहान वाघीण अकार्यक्षम ठरत नाही. पीटर स्कॉट यांनी २००१ मध्ये त्याचे खंडन केले व विभागलेल्या मालकीहक्कांमुळेच सुधारणा अडली, हे मत पुन्हा मांडले. घरगुती वापराचा कोळसा आणि निर्यातीचा किंवा कारखान्यांचा कोळसा यांना एकच निकष लावल्याने या वादात बराच गोंधळ झालेला आहे. पहिल्याबाबतीत व्हॅन व्ह्लेक यांचे म्हणणे पटण्याजोगे आहे, दुसऱ्याबाबतीत ते टिकणे कठीण दिसते.

राष्ट्रीयीकरण व अखेर : सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने खाजगी वाघिणी ताब्यात घेऊन त्यांचा सामाईक साठा केला. पूर्वी प्रत्येक वाघीण रिकामी झाल्यावर मालकाकडे परत धाडावी लागे. तिच्यावर ‘रिकामी अमुक खाणीकडे’ असा मजकूरच रंगविलेला असे. आता कोणतीही वाघीण कोठेही जाऊ लागली. युद्धकाळातच सरकारच्या वाहतूक खात्याने १६ टनी पोलादी वाघिणी बांधवून घेतल्या. त्यांतील चार्ल्स रॉबर्ट्‌स या कारखान्याच्या आराखड्याच्या वाघिणींच्या बाजू तिरप्या होत्या. युद्धानंतर फ्रान्सला दिलेल्या हजारो १६ टनी वाघिणी १९५० च्या सुमारास ब्रिटनने परत घेतल्या. कपाटासारख्या दुहेरी बाजूदारांवरून त्या ओळखू येत.

१ जानेवारी १९४७ रोजी खाणींचे व १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. ब्रिटिश रेल्वेच्या वाट्यास सु. १२ लक्ष वाघिणी आल्या. त्यांपैकी ५ लक्षांहून अधिक पूर्वीच्या खाजगी मालकीच्या होत्या. त्यांच्या क्रमांकांपूर्वी ‘पी’ हे अक्षर घालण्यात आले. लाकडी वाघिणी झपाट्याने मोडीत काढून त्यांच्या जागी १६ टनी पोलादी वाघिणी आणल्या गेल्या; अशा दोन लक्षांहून अधिक वाघिणी तयार झाल्या. लक्षणीय गोष्ट अशी, की त्यांची लांबी व आसांमधील अंतर १९२३ च्याच मापाचे राहिले. राष्ट्रीय मालकी आल्यावर मालकीच्या विभागणीची सबब उरली नव्हती, तरीही माप बदलले नाही. व्हेब्लेन यांच्या बाजूने याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेत सर्व वाघिणींना निर्वात ब्रेक बसविण्याचे ठरले, परंतु ते पूर्णत्वास गेले नाही. खरा बदल १९६५ नंतर आला. खाणीपासून औष्णिक वीज केंद्रापर्यंत न थांबता जाणाऱ्या, सावकाश चालत असतानाच तळातून माल सोडणाऱ्या हॉपर गाड्यांची चक्राकार पद्धती सुरू झाली आणि १९८० नंतरच्या दशकात १६ टनी वाघिणी मुख्य मार्गांवरून नाहीशा झाल्या.

या मोडतोडीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. वेल्समधील बॅरी येथील वुडम बंधूंच्या भंगार आवारात वाफेची एंजिने व वाघिणी अशी दोन्ही येत. वाघिणी तोडणे सोपे असल्याने कामगार प्रथम त्या हाती घेत आणि एंजिने वर्षानुवर्षे गंजत पडत. या दिरंगाईमुळे तेथून २१३ एंजिने जतनासाठी विकत घेतली गेली. एंजिने वाचली ती अशी वाघिणींच्या बळावर. वाघिणी वाचविण्याचे मात्र त्या वेळी फारसे कोणाच्या मनात आले नाही.

संशोधनाची साधने : खाजगी वाघिणींचे मालक हजारोंनी होते व त्यांपैकी बहुतेकांची कागदपत्रे नष्ट झाली आहेत. म्हणून अभ्यासकास विखुरलेल्या साधनांवर विसंबावे लागते. वाघिणी बांधणाऱ्या कारखान्यांनी काढलेली छायाचित्रे हे त्यांतील सर्वांत समृद्ध साधन होय. ग्लॉस्टर येथील रेल्वे कॅरिज अँड वॅगन कंपनी नव्या रंगविलेल्या वाघिणींची छायाचित्रे काढून ठेवी. हा संग्रह ग्लॉस्टरशरच्या अभिलेखागारात आहे आणि कीथ माँटेग्यू यांनी त्याच्या आधारे १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक या विषयात पायाभूत मानतात. याखेरीज रेल्वे कंपन्यांच्या नोंदणीवह्या, कंपन्यांच्या सभांची इतिवृत्ते, भाडेखरेदीचे करार, स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती व दिवाळखोरीच्या लिलावांच्या सूचना, अपघातांचे सरकारी अहवाल यांचाही उपयोग होतो. १९५० साली स्थापन झालेल्या ‘हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी’ या संस्थेने आराखडे व छायाचित्रे यांचा मोठा संग्रह केला असून तिचे अभ्यासकेंद्र डर्बीशरमधील बटर्ली येथे आहे. राष्ट्रीयीकरणानंतरच्या वाघिणींविषयी डॉन रोलंड यांचे १९८५ मधील पुस्तक महत्त्वाचे आहे.

ही साधने वापरताना सावधगिरी बाळगावी लागते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्ट्या तांबड्या प्रकाशास संवेदनशील नसत. त्यामुळे तांबडी वाघीण छायाचित्रात जवळजवळ काळी व निळी वाघीण फिकट दिसते. केवळ करड्या छटेवरून रंग ठरविल्यास फसगत होते. कारखान्यातील छायाचित्र वाघिणीच्या पहिल्या दिवसाचे असते. पुढील वीस वर्षांत ती कशी दिसे, हे त्यावरून कळत नाही. ज्या कारखान्याचा संग्रह वाचला त्याचेच ग्राहक पुस्तकांत अधिक दिसतात, ही आणखी एक अडचण. क्रमांकांवरून संख्या काढणेही धोक्याचे असते, कारण मोजक्याच वाघिणी असलेला वखारवाला आपला व्यवसाय मोठा भासावा म्हणून क्रमांकांची सुरुवात शंभरापासून करी किंवा मधले आकडे गाळी. जतन केलेल्या वाघिणीदेखील पूर्ण विश्वासार्ह नाहीत. त्यांतील काहींवर त्यांनी कधीही धारण न केलेले रंग व नावे रंगविलेली आहेत.

प्रतिकृती : ब्रिटनमध्ये रेल्वे प्रतिकृतींची सर्वांत लोकप्रिय पद्धती १ फुटास ४ मिमी. (१ : ७६·२) या प्रमाणाची आहे. या प्रमाणात १९२३ ची वाघीण ६६ मिमी. लांब, ३२ मिमी. रुंद व ३६ मिमी. आसांतराची होते आणि एका फळीची जाडी जेमतेम ०·८ मिमी. भरते. परंतु याच पद्धतीत रुळांमधील अंतर १६·५ मिमी. धरण्यात आले. वास्तविक ४ फूट ८·५ इंच (१,४३५ मिमी.) या अंतरासाठी ते १८·८३ मिमी. हवे. ब्रिटिश एंजिने आकाराने लहान असल्याने त्या काळची विद्युत् चलित्रे (मोटरी) यूरोपीय प्रमाणाच्या प्रतिकृतीत मावत नव्हती, म्हणून वरचा सांगाडा मोठा केला व रूळ तेच ठेवले. परिणामी वाघीण समोरून पाहिल्यास पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते. हा दोष काढण्यासाठी प्रथम १८ मिमी. च्या आसपासचे व १९६० नंतरच्या दशकात अचूक १८·८३ मिमी. अंतराचे मानक पुढे आले. १ फुटास ७ मिमी. हे मोठे व १ : १४८ हे लहान प्रमाणही प्रचलित आहे.

वाघिणीची प्रतिकृती पत्र्याच्या खेळण्यांपासून सुरू होऊन आज पुष्कळ पुढे गेली आहे. साच्यातील प्लॅस्टिकचे भाग जोडून तयार करण्याचे संच, अम्लाने कोरलेले पितळी पत्रे, ओतीव धातूच्या आसपेट्या व अलीकडे त्रिमितीय मुद्रण ही त्यासाठीची साधने होत. चार चाकांची ताठ चौकट असमतल रुळावर एका चाकाने अधांतरी राहते व घसरते. म्हणून एक आस मध्यावर टेकवून डुलता ठेवतात किंवा प्रत्येक चाकास बारीक तारेची स्प्रिंग देतात. वजनही पुरेसे हवे. ४ मिमी. प्रमाणात प्रत्येक आसामागे सु. २५ ग्रॅ. वजन असावे, असा संकेत आहे. नाव व क्रमांक चिकटमुद्रांनी उमटवितात. खऱ्या कोळशाचा बारीक चुरा करून भरल्यास भार खराच वाटतो, मात्र मोठे तुकडे घातल्यास तो शिळांचा ढीग दिसू लागतो.

कौशल्याचा खरा कस रंगकामात व निवडीत लागतो. लाकडी वाघीण आतून बहुधा रंगविलेली नसे. तिच्या फळ्या करड्या पडत आणि दुरुस्तीत बसविलेली एखादी नवी फळी कोऱ्या लाकडाची दिसे. पोलादी वाघिणीत गंज आतून व सांध्यांतून सुरू होई. बाजारातील तयार प्रतिकृतींत एकाच साच्यावर शेकडो मालकांची नावे छापतात. मूळ वाघीण पाच फळ्यांची असो वा आठ, साचा बदलत नाही आणि काही नावे तर कल्पितच असतात. अशा रंगीबेरंगी, प्रत्येक निराळ्या मालकाच्या वाघिणींची गाडी १९३० च्या सुमाराच्या स्टेशनात उभी करणे इतिहासास धरून नसते. त्या काळी खेड्यातील साइडिंगवर गावच्या वखारवाल्याच्या दोनतीन व त्याला कोळसा पुरविणाऱ्या ठराविक खाणींच्या वाघिणी दिसत. खाणीवरून बंदराकडे जाणाऱ्या गाडीत एकाच मालकाच्या वाघिणींची लांबलचक रांग असे. सर्व देशातील नावांची सरमिसळ १९३९ नंतरची, आणि तेव्हा रंग विटलेले, फळ्या बदललेल्या व अक्षरे अर्धवट पुसलेली असत. १९५० नंतरच्या दशकाचे दृश्य उभारावयाचे तर करड्या पोलादी वाघिणींमध्ये क्रमांकापुरता काळा चौकोन रंगविलेल्या, बाकी उघड्या लाकडाच्या वाघिणी मिसळाव्या लागतात.

मूळ वाघिणी पाहावयाच्या असल्यास ईशान्य इंग्लंडमधील बीमिश येथील खुल्या संग्रहालयात चॉल्ड्रन वाघिणी आहेत, तर यॉर्क येथे १९७५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात इतर काही नमुने आहेत. लाकडी खाजगी वाघिणींपैकी ज्या वाचल्या, त्यांतील पुष्कळ कारखान्यांच्या व खाणींच्या आवारात अंतर्गत वापरासाठी विकल्या गेल्यामुळे वाचल्या. जुन्या रंगाचे थर खरवडून त्यांच्या फळ्यांवरील मूळ मालकाची अक्षरे वाचण्याचे काम हौशी संस्थांचे सभासद करीत असतात. [⟶ रेल्वे].